दिशांनाही कण असतात का?

जालन्याहून अंबड दक्षिणेकडे, भोकरदन उत्तरेकडे. या दोन दिशांमधला कोन हवा तितका बारीक कापता येतो, असं आपण धरून चालतो. निसर्गाला ते मान्य आहे का?

१९२२ साली फ्रँकफुर्टमध्ये ऑटो स्टर्न आणि वाल्थर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. अणू म्हणजे इवले चुंबक, तोंडं वाट्टेल त्या दिशेला. म्हणजे काचेवर सलग पट्टा उमटायला हवा. प्रत्यक्षात झोत दोन भागांत फुटला. पण म्हणून दिशाच तुटक, असं म्हणायची घाई नको. चुंबक कोणत्याही कोनात फिरवा, उत्तरं दोनच येतात. तुटक आहे ते मोजणीचं उत्तर. अवकाशातली दिशा नव्हे.

खुद्द अवकाशच तुटक असेल का, या प्रश्नाच्या एका उत्तराचा पाया एका मराठी माणसाने घातला. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९मध्ये जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६मध्ये आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं नव्या चलांत मांडली. त्यातून उभ्या राहिलेल्या लूप क्वांटम ग्रॅव्हिटी या सिद्धांतात अवकाश म्हणजे धाग्यांचं जाळं. १९९५मध्ये रोवेली आणि स्मोलिन या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यात क्षेत्रफळ ठरावीक किमतींचंच असतं. १९९९मध्ये सेथ मेजर यांनी धागे जिथे जुळतात त्या गाठींवरच्या कोनांसाठीही तसंच गणित मांडलं. धागे वाढले की कोन इतके दाटतात की सलग भासतात.

काळही असाच तुटक आहे का, हा प्रश्न मात्र अवघड. नेहमीच्या पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) तो मोजायची राशीच नाही, व्यवस्थेबाहेरचं घड्याळ आहे. आणि अवकाशाचं हे तुटकपण सुमारे १०⁻³⁵ मीटर इतक्या लांबीवरचं. तुटक अवकाशाचा प्रायोगिक पुरावा अजून मिळालेला नाही.