जंजिऱ्याची नाणी आणि नगरचं तांबं

नाणेसंग्राहकांच्या जगात बुडालेल्या बेटराज्यांच्या नाण्यांना वेगळाच मान आहे. हवाईचा राजा कालाकाऊआ याच्या मुखवट्याचे चांदीचे डॉलर 1883 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पडले. 1893 मध्ये ते राज्य उलथवलं गेलं, 1898 मध्ये अमेरिकेनं ते गिळलं आणि पुढं ही नाणी चलनातून काढून बहुतेक वितळवली. उरली त्यांना आज मोठी किंमत येते. नगरच्या संग्राहकानं मात्र एवढ्या लांब जायचं कारण नाही. आपल्या निजामशाहीच्या कुशीतूनच एक बेटराज्य जन्मलं: मुरुडसमोरचा जंजिरा.

राम पाटील या कोळ्याच्या बेटावरच्या मेढेकोटात व्यापारी बनून शिरलेल्या पिरमखानाची कथा कोकणात सगळ्यांना पाठ आहे. इतिहासाच्या दृष्टीनं त्यातला महत्त्वाचा धागा हा, की जंजिऱ्यावरचे हबशी अंमलदार अहमदनगरच्या निजामशहाचे चाकर होते. 1636 मध्ये निजामशाही संपली. हे हबशी, म्हणजेच सिद्दी, मात्र आधी विजापूरच्या, मग मोगलांच्या आश्रयानं टिकले. मराठ्यांनी वारंवार प्रयत्न करूनही तो पाणकोट त्यांच्या हाती आला नाही. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, म्हणजे धनी बुडाल्यावर चाकराचं राज्य 312 वर्षं चाललं.

या सिद्द्यांची स्वतःची टांकसाळ होती. इंग्रजांनी 1834 मध्ये जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचं जाहीर केलं आणि नाणं हिणकस असल्याचं सांगत ती टांकसाळ बंद केली. हिणकस नाण्यानं व्यापाऱ्याचं नुकसान होतं हे खरं. पण टांकसाळ मोडणं म्हणजे राज्याची सही काढून घेणं, हेही तितकंच खरं. म्हणून हातानं ठोकलेलं, छाप अर्धवट उमटलेलं जंजिऱ्याचं नाणं मला मोलाचं वाटतं.

आता धन्याच्या घराकडं येऊ. 1490 मध्ये मलिक अहमदनं स्वतंत्र राज्य मांडलं. पण आज हाती येणारी निजामशाही नाणी मुख्यतः मुर्तझा निजामशहापासूनची (1565–1588) आणि जवळपास सगळी तांब्याची. फलूस, त्याचा दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश भाग, फारसी अक्षरं आणि टांकसाळीचं नाव: अहमदनगर, बुऱ्हाणाबाद, दौलताबाद. सोन्याचा व्यवहार होनांवर चाले. किनाऱ्यावर वाकवलेल्या चांदीच्या तारेची लारी फिरे आणि चौल हे निजामशाहीचं बंदर असल्यानं ती घाटावरच्या सराफांनाही परकी नसावी. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर याच शहराच्या नावानं मोगली रुपये पडू लागले. मग शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई आली. ती तर इतकी चालली, की कितीतरी घरांतल्या देव्हाऱ्यात आजही सापडते. आणि ज्यांच्या नावानं नगर जिल्हा आज ओळखला जातो त्या चोंडीच्या अहिल्याबाईंच्या महेश्वरी रुपयावर शिवलिंग आणि बेलपत्र आहे.

या नाण्यांना मोठा धोका चोरीचा नाही, अडाणी हौसेचा आहे. नांगराच्या फाळाला लागलेलं तांबं चिंच-मिठानं लखलखीत घासतात. अक्षरं जातात, मग सराफ ते वजनावर मोडीत घेतो. त्याहून वाईट म्हणजे सापडल्याचं ठिकाण कुणी लिहून ठेवत नाही. मुर्तझाचा फलूस पारनेरच्या रानात मिळाला की मुरुडच्या वाळूत, यावरून निजामशाही पैसा घाट उतरून कुठवर गेला ते कळतं. ठिकाण हरवलेलं नाणं मुकं होतं. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणाऱ्या जाहिरातींनी तर लोकांची नजरच बिघडवली. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे सौदे होतात, म्हणून 2021 मध्ये खुद्द बँकेला इशारा द्यावा लागला.

जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन मिळालं, तर 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अभ्यासाची सोय जवळ आहे: नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था.

वाचकांना एवढीच विनंती, की या दिवाळीत देव्हारा उजळताना हाती आलेलं जुनं नाणं घासू नका. ते कागदी पाकिटात ठेवा, कुणाकडून, कोणत्या गावात, कुठं मिळालं ते वर लिहा आणि एकदा जाणकाराला दाखवा.