हर्रासात घर घेताना

कर्ज थकले म्हणजे गहाण घराचा लिलाव होतो. आपल्याकडे त्याला हर्रास म्हणतात. हर्रासात घर कधी कधी स्वस्त मिळते. पै पै जमवलेला माणूस म्हणतो, "घ्यावे का?" पण मनात धाकधूक असते. उद्या जुना मालक पैसे घेऊन आला तर? घरही गेले आणि पैसाही गेला, असे झाले तर? पवनीत आमच्याकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात. तेही हेच विचारतात. म्हणून ही गोष्ट आम्ही येथे सोपी करून सांगतो.

२००२ साली एक कायदा झाला. त्याला सरफेसी कायदा म्हणतात. या कायद्याने बँक दावा न लावता गहाण घर विकू शकते. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागू नाही.

बँकेला मन मानेल तसे करता येत नाही. आधी कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तरी पैसे आले नाहीत, तर बँक घराचा ताबा घेते. मग विक्रीची नोटीस निघते. पहिल्या वेळी ती ३० दिवस आधी द्यावी लागते. ती घरावर चिकटवतात. दोन वर्तमानपत्रांत छापतात. त्यातले एक आपल्या भाषेचे असते. या पायऱ्या नीट झाल्या की नाही, हे घेणाऱ्याने पाहावे. पाया कच्चा असेल तर पुढे कोर्टात विक्री रद्द होऊ शकते.

समजा, तुमची ८ लाखांची बोली मंजूर झाली. त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी चौथा हिस्सा, म्हणजे २ लाख, भरावे लागतात. आधी भरलेली अनामत यातच धरतात. विक्री कायम झाली म्हणजे उरलेले ६ लाख १५ दिवसांत भरायचे. बँकेने लेखी कबूल केले तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपुढे नाही. मुदत चुकली तर भरलेले पैसे बुडतात. म्हणून बोलीआधी सगळ्या पैशांची सोय करावी. सगळे पैसे भरले म्हणजे बँक विक्रीचा दाखला देते. हाच आपल्या मालकीचा कागद. नुसती बोली जिंकली म्हणजे मालक झालो, असे समजू नये.

आता जुन्या मालकाचे काय? त्याला कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्क आहे. पण त्याला हद्द आहे. २०१६ साली कायदा बदलला. हर्रासाची नोटीस छापून येण्याआधीच त्याने सगळे पैसे भरले पाहिजेत.

नवी मुंबईचा एक खटला ऐका. बाफना मोटर्स या कंपनीची जागा युनियन बँकेकडे गहाण होती. जून २०२३ मध्ये हर्रास झाला. सेलिर या कंपनीची १०५ कोटींची बोली मंजूर झाली. तिने पैसे भरले. मग जुना मालक म्हणाला, "मी १२९ कोटी देतो, माझी जागा सोडा." हायकोर्टाने ते मान्य केले. पण सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो हुकूम फिरवला. नोटीस छापली तेव्हाच सोडवण्याचा हक्क संपला, असे सांगितले. तरी घेणाऱ्याला ताब्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली.

कोणी म्हणेल, जास्त पैसे मिळत होते, मग कोर्टाने असे का केले? हर्रासाचा भरवसाच नसेल, तर बोली कोण लावील? भाव पडेल. त्यात कर्जदाराचेच नुकसान. कारण कर्ज आणि खर्च फिटून उरलेली रक्कम त्यालाच मिळते. म्हणजे घेणाऱ्याला दिलेले संरक्षण कर्जदाराच्याही कामी येते.

पण डोळे मिटून घेणाऱ्याला कायदा किती वाचवणार? बँक घर 'जसे आहे, जिथे आहे' तसे विकते. म्हणून आधी स्वतः जाऊन पाहा. घरात कोण राहते? बँकेचा ताबा प्रत्यक्ष आहे की नुसता कागदावर? नगर परिषदेचा कर आणि विजेचे बिल किती थकले आहे? जुने बिल नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात खटला चालू आहे का? हे सारे बँकेला लेखी विचारा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर भंडाऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी मिळकतीच्या लोकांना तेथे मोफत सल्ला मिळतो.

दाखला हाती आला की त्यातले नाव, घर क्रमांक, चतुःसीमा आणि बोजा स्वतः वाचा. आता आपल्याला अक्षर येते. मग दुय्यम निबंधकाकडे नोंद करा, नगर परिषदेत नाव चढवा, आणि मगच तो पेटीत ठेवा.