दोन मुलखांमधली पांधण

वऱ्हाडातल्या माणसाला पांधण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एकाच धन्याची दोन वावरे असतात, मध्ये दुसऱ्याचे वावर येते, आणि पेरणीच्या तोंडावर बंडी न्यायची कोठून हा प्रश्न उभा राहतो. धुऱ्यावरून वाट आहे की नाही, असल्यास ती पायवाट की गाडीवाट, आणि ती हक्काची की शेजाऱ्याच्या मेहरबानीची, या तीन प्रश्नांवर तहसील कचेरीत वर्षानुवर्षे कज्जे चालतात. राष्ट्रांचेही पुष्कळदा असेच होते. एकमेकांना जवळजवळ भिडलेले, पण न भिडलेले असे काही मुलूख आहेत. मध्ये एक चिंचोळा पट्टा असतो, आणि तो तिसऱ्याचा असतो. आज आम्हांला त्यांच्याविषयी सांगावयाचे आहे.

आमचा भूगोल शाळेतला नव्हे. कामगारांच्या सभांसाठी गावोगाव हिंडताना वाचनालयांतून जे नकाशे पाहिले, तेवढीच आमची विद्या. पण त्या नकाशांनी एक गोष्ट पक्की शिकविली, ती ही की सीमेची रेघ ही नेहमी कोणाच्या तरी रोजच्या वाटेवर ओढलेली असते.

प्रथम आपल्या देशाच्या ईशान्येकडे पाहू. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीजवळ भारताचा जो पट्टा आहे, तो सर्वांत अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटरच भरतो. चालणारा माणूस सकाळी निघाला तर दिवस मावळण्याआधी पलीकडे पोहोचेल. परंतु नेपाळला समुद्र नाही आणि बांगलादेशाला बंदरे आहेत. तेव्हा या वीस-बावीस किलोमीटरांसाठी करार करावे लागले. काकडभिट्टाहून फुलबारीमार्गे बांगलाबंधला जाणारी वाट १९९७ मध्ये खुली झाली. भारताची स्वतःची अडचणही याच पट्ट्यात आहे, कारण आसामकडे जाणारी आपली सारी रेल्वे आणि सडक याच गळ्यातून जाते.

काही पट्टे मुद्दाम ठेवलेले असतात. अफगाणिस्तानच्या नकाशाला पूर्वेकडे एक लांब बोट फुटलेले दिसते. ते वाखान. रशियाचे साम्राज्य आणि इंग्रजांचे हिंदुस्थानातील साम्राज्य यांची अंगे एकमेकांस लागू नयेत, म्हणून १८९५ च्या सुमारास ही सीमा ठरली. आज ती दोन्ही साम्राज्ये नाहीत. पण ताजिकिस्तान आणि पाकिस्तानच्या ताब्यातला मुलूख यांच्यामध्ये ते बोट अजून आहे, आणि काही ठिकाणी त्याची रुंदी वीस किलोमीटरांहूनही कमी आहे.

आफ्रिकेत झांबेझी नदीवर कझुंगुला येथे तर अंतर मीटरांवर आले आहे. तेथे झांबिया, बोत्स्वाना, झिम्बाब्वे व नामिबिया हे चार देश जवळजवळ एका बिंदूत मिळतात, पण अगदी मिळत नाहीत. झांबिया व बोत्स्वाना यांची सामाईक सीमा सुमारे दीडशे मीटरांची. तराफ्यावरून नदी ओलांडण्यासाठी मालमोटारींचे चालक दिवसेंदिवस खोळंबून राहत. मे १९२१ नव्हे, तर अगदी अलीकडे, मे २०२१ मध्ये तेथे ९२३ मीटर लांबीचा पूल खुला झाला. झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरावे लागू नये म्हणून तो सरळ न बांधता वाकडा बांधावा लागला.

आता घराजवळ येऊ. गुजरात आणि महाराष्ट्राच्या सीमेवर दमण, दादरा आणि नगर हवेली हे तीन मुलूख आहेत. दमण समुद्राकाठी, दादरा व नगर हवेली आत, सह्याद्रीच्या बाजूस. १९५४ पर्यंत तिन्हींवर पोर्तुगीजांचा अंमल होता. परंतु दमणहून दादऱ्याला जावयाचे तर मध्ये भारताची भूमी, आणि दादऱ्याहून नगर हवेलीत शिरावयाचे तर पुन्हा भारताचीच भूमी. अंतर थोडक्या मैलांचे. त्यातच नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचे एक गाव आहे, ते मात्र भारताचे; आज ते गुजरातेत मोडते. धन्याची वावरे कशी विखुरलेली असतात, त्याचा हा नमुना.

असे झाले कसे? मराठी आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांच्या सांताना नावाच्या जहाजाचे नुकसान केले. पुढे १७७९ मध्ये पेशव्यांचा त्यांच्याशी तह झाला, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी या भागातील गावांचा वसूल पोर्तुगीजांना लावून देण्यात आला. रक्कम सालीना बारा हजार रुपये. पुढे पेशवाई बुडाली, आणि वसूल घेणारा हळूहळू धनी होऊन बसला.

वऱ्हाडी श्रोत्यांना हा प्रकार नवा वाटू नये. येथेही एके काळी निजाम व नागपूरकर भोसले यांची दुअंमली होती. १८०३ मध्ये गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क गेला. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले, आणि १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाख रुपयांवर तो कायमचा पट्टा झाला. नाव एकाचे, कचेरी दुसऱ्याची, आणि सारा भरणारा कास्तकार मात्र तोच.

जुलै १९५४ मध्ये दादरा मुक्त झाला. युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सचे फ्रान्सिस मस्करेन्हस व त्यांचे सहकारी तेथे शिरले. चौकीवरील पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारिओ मारला गेला. नगर हवेलीत आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक आणि वारली शेतकऱ्यांत काम करणारे कम्युनिस्ट कार्यकर्ते निरनिराळ्या वाटांनी उतरले. संगीतकार सुधीर फडके हेही या लढ्यात होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. दमणहून कुमक पाठवावयाची तर मधल्या पट्ट्यातून पाठविणे प्राप्त होते, आणि भारताने ती वाट बंद केली. गोव्यापेक्षा हा मुलूख सात वर्षे आधी सुटला, याचे एक मोठे कारण त्याच्या भूगोलात आहे.

पोर्तुगाल २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. न्यायालयाने म्हटले, पेशव्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे मात्र इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मान्य केली. नंतर न्यायालयाने वहिवाट तपासली. सव्वाशे वर्षे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल या पट्ट्यातून जात-येत होता. तेवढ्यापुरता पोर्तुगालला वाटेचा हक्क आहे, असे अकरा न्यायाधीशांनी चारांविरुद्ध ठरविले. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा मात्र परवानगीनेच जात असे. म्हणून त्यांचा हक्क नाही, हे आठांनी सातांविरुद्ध ठरविले. आणि १९५४ मधील तंग परिस्थितीत वाट अडविली म्हणून भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

या निकालात आम्हांला जे मोलाचे वाटते ते असे. पाटी घेऊन बाजाराला जाणारी बाई आणि बंदूक घेऊन निघालेला शिपाई यांची वाट एकच असली तरी हक्क एक नव्हे. पहिलीचा हक्क रोजच्या पावलांनी तयार होतो. कोणत्याही राजाच्या सनदेची त्याला गरज लागत नाही.

मुक्तीनंतर सात वर्षे तेथे वरिष्ठ पंचायतीने कारभार केला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतात सामील झाला, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा व दीव यांच्याबरोबर दमण सुटले. २६ जानेवारी २०२० पासून दादरा, नगर हवेली, दमण व दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. राज्य एक झाले, तुकडे मात्र तसेच राहिले. दमण आणि सिल्वासा यांच्यामध्ये आजही वापी आहे, आणि वापी गुजरातेत आहे.

वापी व सिल्वासा या दोन्ही ठिकाणी आज कारखाने दाटले आहेत. शेकडो मैलांवरून आलेले कामगार एका बाजूस राहतात आणि दुसऱ्या बाजूस पाळी भरतात. त्यांना कोणी पास विचारीत नाही, हे स्वातंत्र्याचे खरे फळ होय. परंतु किमान वेतनाचा दर ठरविणारे सरकार रेघेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे आहे. कामगार-अधिकारी वेगळा, अर्ज करावयाची कचेरीही वेगळी. यंत्र तेच, घाम तोच. दर मात्र दोन असू शकतात. तेव्हा आपल्या गावचा जो मुलगा तिकडे कामाला जाईल, त्याने कारखाना रेघेच्या कोणत्या बाजूस आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, आणि तेथला दर लिहून खिशात ठेवावा.