नोंद कोणी ठेवायची?

एलएसडी किंवा मेस्कलिन ही भ्रमजनक औषधं दिल्यावर कुणाचं काय बिघडलं, हा प्रश्न लॉस एंजेलिसच्या डॉ. सिडनी कोहेन यांनी ६२ संशोधकांना पत्राने विचारला. ४४ जणांनी उत्तरं पाठवली. १९६० साली छापलेल्या त्यांच्या अहवालात सुमारे ५,००० माणसांचा आणि २५,००० हून अधिक वेळा दिलेल्या मात्रांचा हिशेब होता. गंभीर त्रास फार थोड्यांना झाल्याचं त्यातून दिसलं. मात्र हा हिशेब औषध देणाऱ्यांनीच सांगितलेला होता आणि १८ जणांकडून काहीच कळलं नव्हतं. दोनच वर्षांनी कोहेन यांनी स्वतः या औषधांच्या धोक्यांबद्दल जाहीर इशारा दिला.

त्याच १९६२ सालच्या गुड फ्रायडेला बोस्टनच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना सायलोसायबिन हे तसंच भ्रमजनक औषध दिलं, बाकीच्यांना तुलनेसाठी निकोटिनिक आम्ल. हा प्रयोग पुढे फार गाजला. रिक डॉब्लिन यांनी कित्येक वर्षांनी त्यातल्या बहुतेकांना हुडकून काढलं. सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांना तो दिवस अजूनही मोलाचा वाटत होता. पण एक विद्यार्थी इतका बेभान झाला होता, की त्याला आवरून थोराझीन या शामक औषधाचं इंजेक्शन द्यावं लागलं होतं. पान्केंच्या प्रबंधात याचा उल्लेखच नव्हता. डॉब्लिन यांनी १९९१ मध्ये ते उघड लिहिलं, हे फार मोलाचं काम झालं.

याच डॉब्लिन यांनी १९८६ मध्ये ‘मॅप्स’ ही संस्था काढली होती. आघातानंतरच्या मानसिक विकारावर, म्हणजे पीटीएसडीवर, एमडीएमएच्या साथीने मानसोपचार करायचे, हा तिचा ध्यास. २०२१ मध्ये ९० रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले: औषध मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण आता निदानाच्या निकषात बसत नव्हते. नुसत्या मानसोपचाराने हे ३२ टक्क्यांना साधलं. वर्षानुवर्षं झोप उडालेल्या माणसांसाठी ही केवढी आशा होती!

जून २०२४ मध्ये मात्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने १० विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की फायदा धोक्यापेक्षा मोठा असल्याचं सिद्ध झालेलं नाही. आपल्याला औषध मिळालं की नाही, हे बहुतेक रुग्णांनी अचूक ओळखलं होतं. अत्यानंदासारखे परिणाम ‘चांगले’ समजून नोंदलेच नव्हते, त्यामुळे व्यसनाचा धोका जोखणार कशावरून? ऑगस्टमध्ये एफडीएने मंजुरी नाकारली. लगेच ‘सायकोफार्माकॉलॉजी’ नियतकालिकाने एमडीएमएवरचे तीन शोधनिबंध मागे घेतले: एका केंद्रावर अनैतिक वर्तन झाल्याचं लेखकांना ठाऊक होतं, तरी त्यांनी ते नियतकालिकाला कळवलं नव्हतं. रुग्ण औषधाच्या अमलाखाली असताना त्याची सगळी भिस्त समोरच्या थेरपिस्टवर असते. अशा वेळचं गैरवर्तन हा उपचारातलाच अपाय आहे, आणि तो अपाय म्हणूनच मोजायला हवा.

सायलोसायबिनच्या चाचण्यांनीही सावध केलं आहे. २०२२ मध्ये छापलेल्या २३३ रुग्णांच्या अभ्यासात २५ मिलिग्रॅमच्या गटाचं नैराश्य तीन आठवड्यांत सर्वाधिक उतरलं. पण बाराव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिलेली सुधारणा फक्त २० टक्क्यांमध्ये होती.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना एमडीएमए आणि सायलोसायबिन ही दोन्ही औषधं ठरावीक विकारांसाठी लिहून द्यायची मुभा दिली. ओरेगनमध्ये तर सायलोसायबिन घ्यायला कुठल्याही निदानाची अट नाही. तिथल्या केंद्रांना जानेवारी २०२५ पासून ग्राहकांना झालेल्या त्रासाची माहिती राज्याला पाठवावी लागते. आपली माहिती देऊ नका, असं ग्राहक सांगू शकतो. तो त्याचा हक्कच आहे, पण ज्याचा अनुभव वाईट गेला तोच गप्प राहिला, तर त्याच्यापर्यंत पोचायची वाट या व्यवस्थेला अजून शोधायची आहे.