घाटातील दगडी पूल

सह्याद्रीची रांग कोकण आणि देश ह्यांच्यामध्ये एखाद्या तटासारखी उभी आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर ह्याच रांगेत आहे. सह्याद्रीचा पूर्वेकडील उतार सौम्य आहे. पश्चिमेकडे मात्र कडे एकदम तुटलेले आहेत. पूर्वी ह्या कड्यांमधून माल न्यावयाचा म्हणजे बैलांचे तांडे घाटवाटांनी हाकीत नेत. पावसाळ्यात तर ह्या वाटा बहुधा बंदच असत.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यापर्यंत आपल्या देशातील उतारूंची पहिली आगगाडी धावली. परंतु देशावरील कापूस व धान्य मुंबईच्या बंदरात आणावयाचे, तर आगगाडीने सह्याद्री चढणे अवश्य होते. १८५८ पर्यंत घाटाखाली खोपोलीपर्यंत आणि घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग तयार झाला. मधला बोरघाट मात्र उतारूंना पालखीत बसून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे.

बैल किंवा तट्टू जी वाट चढून जाते, ती वाट आगगाडीला का चालू नये? ह्याचे कारण सोपे आहे. लोखंडी रूळ गुळगुळीत असतो आणि इंजिनाचे चाकही लोखंडीच असते. चढ तीव्र झाला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून मार्ग लांब करून चढ सौम्य करावा लागतो. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले ह्यांनी बोरघाटाची पाहणी करून सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीचा मार्ग आखला. एवढ्या अंतरात गाडीला सुमारे ५५८ मीटर उंची चढावयाची होती. सर्वांत तीव्र चढ सदतीस मीटरांस एक मीटर एवढा ठेवण्यात आला. हा चढ राखावयाचा, तर आडव्या येणाऱ्या डोंगरातून बोगदा खणणे आणि आडव्या येणाऱ्या दरीवर पूल बांधणे, ह्यांवाचून दुसरा उपाय नव्हता. अशा रीतीने ह्या घाटात पंचवीस बोगदे व आठ मोठे पूल झाले.

दरी मातीने भरून तिच्यावर रूळ का टाकले नाहीत, असे कोणी विचारील. लहान दऱ्यांत तसे भराव घातले गेलेही. परंतु भराव जितका उंच, तितका त्याचा पाया रुंद लागतो. खोल दरीत एवढी माती आणणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय सह्याद्रीत पाऊस मुसळधार पडतो व प्रत्येक दरीतून पाण्याचा लोंढा वाहतो. भरावाने तो अडला, तर भरावालाच घेऊन जाईल. पुलाच्या कमानींखालून मात्र पाण्याला मोकळी वाट मिळते.

पूल बांधण्यासाठी दगड दूरून आणावा लागला नाही. सह्याद्री काळ्या पाषाणाचाच बनलेला आहे. वडार व बेलदार खाणींत सुरुंग लावून आणि पहारींनी दगड फोडीत. पाथरवट छिन्नी-हातोड्याने ते घडवीत. चुनखडी भट्टीत भाजून तिचा चुना करीत. तो वाळूबरोबर मळून तयार झाला म्हणजे गवंडी त्यात दगड बसवीत. प्रथम दरीत खडक लागेपर्यंत पाया खणावयाचा व त्यावर ओळंबा लावून खांब चढवावयाचे, असा कामाचा क्रम असे.

खांब उभे राहिले म्हणजे कमानीचे काम सुरू होई. दोन खांबांच्या मध्ये लाकडाचा अर्धवर्तुळाकार साचा उभारीत. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचे घडीव दगड मांडीत वर जात. माथ्यावरची शेवटची पाचर बसली की कमान पुरी होई. चुना घट्ट झाल्यावर साचा हळूहळू खाली उतरवीत, तरी कमान अधांतरी उभी राही! ह्यात जादू काही नाही. प्रत्येक दगड वरून रुंद व खालून अरुंद असतो. भार पडला म्हणजे तो खाली निसटू पाहतो. परंतु शेजारच्या दोन दगडांत अधिकच घट्ट अडकतो. अशा रीतीने गाडीचा भार दगडादगडांतून खांबांकडे व खांबांतून खडकाकडे जातो. दगड ओढला तर लवकर तुटतो, पण दाब मात्र पुष्कळ सहन करतो. कमानीत त्याच्यावर दाबच पडत असल्यामुळे दगडी कमानी शतकानुशतके टिकतात.

मात्र कमान खांबाला खाली दाबते तशी बाजूलाही रेटते. दोन शेजारच्या कमानी एकाच खांबाला विरुद्ध दिशांनी रेटतात, म्हणून खांब सरळ उभा राहतो. त्यांपैकी एक कमान पडली, तर हा तोल बिघडतो आणि शेजारच्या कमानीही धोक्यात येतात. पुलाचे सारे अवयव असे परस्परांच्या आधारावर उभे असतात.

बोरघाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. काही ठिकाणी कडा इतका उभा होता की, मजुरांना दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावी लागली. पावसाळ्यात बहुतेक काम थांबे. १८६१ मध्ये ह्या घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीच्या साथींनी, तापाने आणि अपघातांनी हजारो मजूर मृत्युमुखी पडले. मजुरी वेळेवर न मिळाल्यामुळे १८५९ मध्ये मजुरांनी दंगाही केला. त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. सॉलोमन ट्रेडवेल ह्यांनी ते पत्करले. परंतु इंग्लंडहून आल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल ह्यांनी कंत्राट आपल्या हाती घेतले आणि अनुभवी अभियंत्यांवर कामाची व्यवस्था सोपवून ते तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या हस्ते घाटाचा मार्ग खुला झाला. त्या आधीच, १८६२ मध्ये, बर्कले ह्यांचे निधन झाले होते. कसारा व इगतपुरी ह्यांमधील थळघाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला.

परंतु ही कथा येथेच संपत नाही. बोरघाटात म्हऊकी मळी नावाच्या ठिकाणी प्रत्येकी सुमारे पंधरा मीटर रुंदीच्या आठ कमानींचा एक भव्य पूल होता. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला. मार्ग खुला होऊन अवघी चार वर्षे झाली होती. पुढे चौकशी झाली, तेव्हा बांधकामाचा निकृष्टपणा उघडकीस आला.

हे कसे घडते, ते समजून घेतले पाहिजे. जाड खांब सर्वच घडीव दगडांचा नसतो. बाहेरच्या बाजूंनी घडीव दगड लावतात व आतील भाग ओबडधोबड दगड आणि चुना ह्यांनी भरून काढतात. ही आतील भर घट्ट असावी आणि बाहेरचे थर तिच्याशी लांब दगडांनी जागोजाग सांधलेले असावेत, असा गवंड्यांचा नियम आहे. आतील भरीत हयगय झाली, चुना कमी पडला किंवा सांधणारे दगड वगळले, तर बाहेरून खांब सुबक दिसतो. पण आत तो पोकळ राहतो. पावसाचे पाणी आत झिरपते, चुना धुऊन जातो आणि रोजच्या गाड्यांच्या धक्क्यांनी दगड सुटू लागतात. चेहरा चांगला असूनही अशा पुलाचा भरवसा धरता येत नाही.

ह्या अपघाताने सर्वांचे डोळे उघडले. इतर पुलांची तपासणी झाली व जे कच्चे आढळले ते पुन्हा बांधावे लागले. घाईने वाचविलेला वेळ आणि पैसा अशा रीतीने दामदुप्पट खर्च झाला.

पुढे १८७६ ते १८७८ ह्या काळात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा नगर जिल्ह्यातील अनेक भुकेलेल्या माणसांना दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर पोटापुरते काम मिळाले. १८७८ मध्ये सुरू झालेला हा मार्ग बोरघाटाकडून येणारी वाट थळघाटाच्या वाटेशी जोडतो. नगरहून मुंबईस आगगाडीने जाणारा उतारू दौंडकडून गेला काय किंवा मनमाडकडून गेला काय, त्याला सह्याद्रीचा एक घाट उतरावाच लागतो.

घाट उतरताना गाडीचा आवाज मध्येच पालटतो. तेव्हा आपण पुलावर आहोत, असे समजावे. इतिहासात अभियंत्यांची व कंत्राटदारांची नावे आढळतात. दगड घडविणाऱ्या पाथरवटांची आणि दोराला लोंबकळणाऱ्या मजुरांची नावे आढळत नाहीत. तरीही प्रत्येक उतारू आपला जीव त्यांच्याच हातच्या कामावर सोपवीत आला आहे. खांबाच्या पोटात बसविलेला दगड पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पण तो नीट बसविला आहे किंवा नाही, ह्यावरच वरून जाणाऱ्या गाडीची सुरक्षितता अवलंबून असते.