भोंग्यांची श्रवणपरीक्षा

गिरणीची पाळी सांगणारा आणि संकटाची सूचना देणारा, या दोहोंस वऱ्हाडात ‘भोंगा’ हा एकच शब्द रूढ आहे. वस्तू मात्र दोन आहेत. वाफेच्या भोंग्यात वाफेचा झोत धारेवर आदळून घुमतो आणि त्याचा स्वर वाफेच्या उष्णतेनुसार बदलतो. सायरनमध्ये छिद्रांचे चक्र फिरून हवेचा प्रवाह तोडते. छिद्रांची संख्या व फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारावर स्वर ठरतो. १८१९ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या यंत्राचा उपयोग स्वर मोजण्यासाठीच केला होता.

आपल्याकडील विजेवर साधी दोन ध्रुवांची मोटर मिनिटास सुमारे २,८५० फेरे घेते. दहा छिद्रांच्या चक्रातून सेकंदास ४७५ कंपने निघतील, तर बारा छिद्रांच्या चक्रातून ५७०. हे अंतर षड्ज व कोमल गांधार यांचे होय. काही यंत्रांत दोन्ही चक्रे एकाच दांड्यावर असतात व दोन्ही स्वर एकदम ऐकू येतात. परंतु बारा छिद्रांचे यंत्र मंदावतानाही ४७५ वरून जातेच. म्हणून केवळ स्वराच्या उंचीवर विसंबता येत नाही. दुहेरी यंत्रात वेग घटला तरी दोन स्वरांचे प्रमाण अभंग राहते. पुरुषाचा व बालकाचा ‘आ’ आपण एकच मानतो, तोही काहीसा अशाच प्रमाणांच्या आधारे.

छिद्रे सारखी असलेली दोन एकेरी यंत्रे ओळखणे खरे कठीण. तेथे वीज तोडल्यानंतरचा उतार ऐकावा. जड चक्र रेंगाळते, हलके लवकर बसते. ‘त’ आणि ‘थ’ यांतील भेदही स्पर्शात नसून मोचनात असतो, हे ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. आवाजाचा लहानमोठेपणा मात्र खूण म्हणून निरुपयोगी आहे: अकोल्याच्या वैशाखी दुपारी तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर वळतो, तर पहाटेच्या गारव्यात तोच भोंगा दूरवर पोचतो.

ही परीक्षा केवळ हौसेची नव्हे. नागरी संरक्षणाच्या संकेतात चढउतार म्हणजे धोका आणि एकसुरी नाद म्हणजे धोका टळला. अर्थ यंत्राच्या कंठात नसून स्वररेषेत आहे. परंतु जड चक्राच्या यंत्रावर कळ घाईने चालूबंद केली, तर स्वर पुरेसा खाली येत नाही. दूरच्या श्रोत्यास चढउतार जवळजवळ सपाट भासतो आणि धोक्याची हाक निर्धास्तपणाची ठरण्याचा संभव राहतो. म्हणून कळ किती वेळ बंद ठेवावी हे त्या त्या यंत्राचा उतार मोजूनच ठरविले पाहिजे. सर्वांस एकच घड्याळ लावणे मला चुकीचे वाटते.

अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांस निरीक्षणासाठी ३० जानेवारीचा दिवस सोयीचा. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ, जेथे सोय असेल तेथे, सकाळी १० वाजून ५९ मिनिटांनी मिनिटभर भोंगा वाजविण्याची प्रथा आहे. त्यानंतरच्या दोन मिनिटांच्या मौनात यंत्राचा उतार अगदी शेवटपर्यंत ऐकता येतो.