वर्गांचा दाखला

कोणत्याही वास्तव राशीचा वर्ग ऋण नसतो. म्हणून एखादे फलन वर्गांच्या बेरजेच्या रूपाने मांडता आले, की ते शून्याखाली उतरत नाही याचा जणू मुद्रांकित दाखलाच हाती येतो. पण जे फलन कधीच ऋण होत नाही, त्यास असा दाखला मिळेलच काय? बहुपदींपुरते तरी नाही, असे हिल्बर्टने १८८८ सालीच सिद्ध केले. मात्र हातात धरून दाखविण्याजोगे सुटसुटीत उदाहरण मॉट्झकिनने प्रसिद्ध केले ते १९६७ साली.

क्षचा चौथा घात गुणिले यचा वर्ग, क्षचा वर्ग गुणिले यचा चौथा घात, आणि एक, या तिहींच्या बेरजेतून क्ष-यच्या गुणाकाराच्या वर्गाची तिप्पट वजा करावी. तीन अऋण राशींची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या घनमुळाहून कमी नसते, तेव्हा बाकी ऋण होणे नाही. आता ती वर्गांची बेरीज आहे असे घटकाभर मानू. य शून्य धरता केवळ एक उरतो, म्हणून वर्ग करावयाच्या त्रिघाती बहुपदींत निव्वळ क्षचे पद असू शकत नाही; यलाही तोच न्याय. मग क्ष-यच्या गुणाकाराच्या वर्गाचा सहगुणक स्वतःच वर्गांची बेरीज ठरतो, आणि तो तर उणे तीन आहे! भागाकाराची मुभा दिल्यास मात्र दाखला मिळतो, हे आर्टिनने १९२७ मध्ये दाखविले.

वैश्लेषिक फलने, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या आसपास घातश्रेणीने व्यक्त होणारी फलने, अधिक लवचिक असतात. दोन चलांपर्यंत कोणत्याही बिंदूच्या शेजारात दोन वर्ग पुरतात. पण तिसरा चल झ घेऊन वरील पदावलीची सर्व पदे सहाव्या घाताची केली, की आरंभबिंदूपाशी तोच युक्तिवाद पुन्हा लागू पडतो, आणि परिसर कितीही आकुंचित केला तरी दाखला नाकारलाच जातो.

या अडचणीतून वाट काढता येते ती विचित्र बिंदूंच्या, म्हणजे जेथे पृष्ठ गुळगुळीत राहत नाही अशा बिंदूंच्या, निरसनाने; आणि येथे पुण्याचा संबंध येतो. एरंडवण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६ साली स्थापन करणारे डॉ. श्रीराम अभ्यंकर यांची कीर्ती वक्रपृष्ठांवरील विचित्र बिंदूंच्या निरसनावर उभी आहे; त्यांचा सुप्रसिद्ध निबंध १९५६चा. त्यांच्याप्रमाणेच झारिस्कीचे शिष्य असलेल्या हिरोनाकाने १९६४ मध्ये वास्तव आणि संमिश्र संख्यांच्या प्रांतात सर्व मितींसाठी तो प्रश्न सोडविला. बिंदूच्या जागी त्यातून जाणाऱ्या साऱ्या दिशा उलगडून मांडावयाच्या, आणि हे आवश्यक तितक्या वेळा करावयाचे, अशी ही रीत आहे. उलगडलेल्या अवकाशात आपले फलन ठिकठिकाणी चलांच्या घातांचा गुणाकार आणि एक शून्य न होणारा अवयव एवढेच उरते. मूळ फलन ऋण नसल्यामुळे ते घात समच असतात, अवयव धन असतो, आणि जेथे अनेक वर्गही पुरत नव्हते तेथे स्थानिक रीत्या एकच वर्ग पुरतो. पण ते वर्गमूळ खाली मूळ अवकाशात उतरविता वैश्लेषिक राहीलच, अशी हमी हिरोनाकाचा सिद्धान्त देत नाही.